मोरस देशातून परत

सहावा दिवस, संध्याकाळ

उद्या निघायचं म्हणून आज भटकंती लवकर आवरली. फ्लिक-आँ-फ्लाकचा किनारा मॉरिशसच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे सूर्य आपल्याकडच्यासारखाच समुद्रात बुडतो, आणि वाळूच्या कडेने ओळीत सुरूची झाडं आहेत. पहिल्या दिवशी आई गाडीतून उतरली आणि म्हणाली, "अगो, हे तर गुहागर!" सुरूच्या वाळक्या सुयांवरून अनवाणी चालताना जसं तिकडे टोचतं, तसंच इथेही टोचतं. फरक लाटांचा. प्रवाळाची भिंत या बेटाला जवळजवळ सगळीकडून वेढून आहे आणि लाटा तिथेच, लांबवर फुटतात. पांढरी रेघ दिसते, गाज ऐकू येते, पण पायाशी येतं ते तळ्यासारखं निवांत पाणी. सहा दिवस झाले तरी आईला त्याची सवय झाली नाही. "समुद्र अंगणाबाहेरच थांबतो गो इथला," ती आजही म्हणाली.

लेकीने शेवटचे शंख गोळा केले आणि मी सांगितल्यावर परत पाण्यात सोडले. इथून शंख-प्रवाळ नेऊ नयेत, ते समुद्राचं समुद्रालाच द्यावं, हे तिला पटलं, पण डोळे भरून आले होते. सूर्य गेल्यावर आम्ही तिघी खोलीवर येऊन बॅगा भरायला बसलो.

व्हॅनिलाचा वास असलेला बोआ शेरीचा चहा चार पुडे, मिरचीचं लोणचं एक बाटली, लेकीचा डोडो. डोडो लाकडी आहे, खरा पक्षी सतराव्या शतकातच संपला. आणि साखर. किराणा दुकानातून आईने काळपट, ओलसर, काकवीचा वास येणारी साखर दोन किलो घेतली होती. मी म्हटलं, आई, साखर काय घरी मिळत नाही? ती म्हणाली, "ही मोरस आहे."

हा शब्द मी तिच्या तोंडून लहानपणी ऐकलेला. देवरूखजवळच्या तिच्या माहेरी तिची आजी साखरेला मोरसच म्हणायची. गूळ घरातला, रोजचा. मोरस दुकानातून कागदाच्या पुडीत यायची आणि पाहुण्याच्या चहातच पडायची. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात मॉरिशसची साखर इतकी उतरायची की बेटाचं नावच मालाला चिकटलं. गुजरातीत तर अजून चिकटून आहे. १५९८ साली डच या बेटावर आले, त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव त्याला दिलं, पुढे १६३९ मध्ये जावाहून ऊसही त्यांनीच आणला. तो राजपुत्र इथे कधी आला नाही, पण त्याचं नाव फिरत फिरत देवरूखच्या एका स्वयंपाकघरात, फळीवरच्या डब्यापर्यंत पोचलं. शामारेलची सात रंगांची माती पाहिली, गंगा तलावाजवळचा १०८ फुटी महादेव पाहिला, पण मला सांगायचं आहे ते त्या डब्याचं. आई या सहलीला का तयार झाली, ते मला आज कळलं. सिंगापूर म्हटल्यावर ती नको म्हणाली होती, दुबईलाही नको म्हणाली होती. मॉरिशस म्हटल्यावर "कधी?" एवढंच विचारलं होतं.

सातवा दिवस

पहाटे साडेपाचला लेकीला उठवून शेवटचं डुंबून आलो. पाणी ऑक्टोबरातही गार आहे, कारण इथला हिवाळा नुकता संपतोय. सुरूंवर शिपाई बुलबुल बोलत होते आणि वाळूत साळुंक्या फिरत होत्या. दोन्ही पक्षी माणसांनीच इथे आणलेले. साळुंकीला तर टोळधाड खाण्यासाठी मुद्दाम भारतातून आणलं, असं परवा वाचलं. डोळ्याभोवतीचा तो पिवळा पट्टा, मान हलवत चालणं, काही बदललेलं नाही.

साडेआठला टॅक्सी आली. आठवडाभर हेच चालक आमच्याबरोबर आहेत. वय साठीचं, अंगकाठी बारीक, कपाळावर कधी गंध असतं, कधी नाही. पहिल्या दिवशी आम्ही आपापसात मराठी बोलताना ऐकून त्यांनी आरशातून पाहिलं आणि एकेक शब्द जुळवत विचारलं, "तुम्ही... महाराष्ट्रातून आले?" मी शहारलेच. मराठी ते शाळेत शिकले. घरी क्रिओल, म्हणजे इथली फ्रेंचमधून घडलेली बोली, कागदोपत्री इंग्रजी, वर्तमानपत्र फ्रेंच. आडनावाच्या शेवटी 'जी' आहे, इथल्या बऱ्याच मराठी घराण्यांचं असंच आहे. पणजोबांचं पाळण्यातलं नाव नोंदणीत आदरार्थी 'जी'सकट लिहिलं गेलं आणि तेच कुटुंबाचं आडनाव झालं, असं ते सांगतात. मूळ कुठलं विचारलं तर "रत्नागिरी" म्हणतात. गाव? "गाव नाही माहीत."

मी त्यांना दादा म्हणते. ते आईला आजी म्हणतात, आणि आई त्यांना "अहो, हळू चालवा हो" म्हणते. आठ दिवसांत एवढं नातं पुरेसं झालं.

पोर्ट लुईच्या वाटेवर ऊसतोड चालू होती. जून ते डिसेंबर हा इथला हंगाम. कापलेल्या शेतांमधून दगडांचे ढीग दिसत होते, काही घराएवढे उंच, कडा नीट रचलेल्या, जुन्या काळ्या देवळाच्या जोत्यासारखे. हे बेट ज्वालामुखीचं. दगड सह्याद्रीसारखाच काळा बेसॉल्ट, आणि जमिनीत तो इतका की आधी दगड वेचल्याशिवाय ऊस लावताच येत नाही. आईने विचारलं, "एवढे दगड कोणी उचलले?" दादांनी स्टिअरिंगवरून एक हात उचलला, तळवा आमच्याकडे केला, आणि परत ठेवला. बोलले नाहीत.

भारतातून करारावर आणलेले मजूर जिथे उतरायचे, त्या आप्रवासी घाटापाशी आम्ही साडेनवाला पोचलो. शनिवार होता, घाट दुपारपर्यंतच उघडा. शेजारीच नव्या मेट्रोचं स्थानक आहे आणि त्यालाही घाटाचंच नाव दिलंय. गाड्या येत-जात होत्या, लोक मंडईच्या पिशव्या घेऊन उतरत होते. आत जायला पैसे लागत नाहीत.

जागा लहान आहे, हे आधी सांगायला हवं. जागतिक वारसा म्हटल्यावर डोळ्यांसमोर काहीतरी भव्य येतं. २००६ मध्ये युनेस्कोने हिला वारसायादीत घेतलं, पण १८४९ साली इथे उभारलेल्या आप्रवासी ठाण्याचा बराचसा भाग रस्त्यासाठी, बंदरासाठी कधीच पाडला गेला. उरलंय ते एक फाटक, दगडी भिंतींचे तुकडे, इस्पितळाच्या इमारतीचा भाग, मजुरांच्या शेडच्या खुणा, संडासांच्या ओळीचा पाया. आणि सोळा पायऱ्या.

आमच्याबरोबर माहिती सांगणारी एक तरुण मुलगी होती. ती क्रिओलमध्ये बोलायची, दादा मराठीत करायचे, अडलं की ती इंग्रजीत सांगायची आणि मी आईला समजावायचे. त्यामुळे प्रत्येक वाक्याला वेळ लागत होता. बरंच झालं. एवढ्या गोष्टी भराभर ऐकायच्या नसतात.

१८३४ च्या २ नोव्हेंबरला 'अ‍ॅटलस' जहाजातून छत्तीस माणसं इथे उतरली. कलकत्त्याहून आलेली, छोटा नागपूरकडची. पुढच्याच फेब्रुवारीत बेटावरची गुलामी कायद्याने संपली. मळेवाल्यांना उसात माणसं हवी होती, गुलाम राहणार नव्हते, म्हणून इंग्रज सरकारने करारावर मजूर आणायचा प्रयोग इथे करून पाहिला. तो फळला म्हटल्यावर गयाना, त्रिनिदाद, नाताळ, फिजी, सगळीकडे तोच सुरू झाला. एकट्या मॉरिशसमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांहून जास्त माणसं उतरली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून. मुंबईहून थोडी. त्या थोड्यांतले बरेच आमच्या कोकणातले.

करार पाच वर्षांचा. पुरुषाला महिना पाच रुपये आणि वर तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा. एक दिवस खाडा पडला तर दोन दिवसांची मजुरी कापायची. जहाजातून उतरून या पायऱ्या चढल्या की दोन-तीन दिवस या शेडमध्ये ठेवायचे. कॉलऱ्याचा संशय असेल तर त्याआधी बेटाबाहेरच्या छोट्या बेटांवर. मग नोंद होई: नाव, बापाचं नाव, वय, उंची, गाव, जिल्हा, अंगावरची खूण. प्रत्येकाला एक क्रमांक. १८६० च्या दशकापासून छायाचित्रही. तो परवाना अंगावर नसेल आणि मळ्याबाहेर सापडलात तर तुरुंग.

"आणि परत?" आईने विचारलं.

मुलीला प्रश्न समजायला अनुवाद लागला नाही. सुरुवातीला परतीचं भाडं करारातच असायचं, पुढे तो हक्क काढून घेतला. आलेल्यांपैकी साधारण तिघांतला एक माघारी गेला. बाकीचे इथले झाले. आज देशातली दर तीनपैकी सुमारे दोन माणसं भारतीय वंशाची आहेत.

मग आम्ही पायऱ्यांपाशी आलो. सोळा मोजल्या लेकीने. झिजलेल्या आहेत, मधल्या भागात खोलगट. कधीकाळी खालच्या पायरीला समुद्र लागत असे. आता भराव घालून बंदर पुढे सरकलंय आणि मधून वाहनं जातात. आईने चपला काढून बाजूला ठेवल्या. कोणी सांगितलं नव्हतं. खाली गेली, वळली, आणि एकेक पायरी चढून वर आली. गुडघा दुखतो म्हणून प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. दादा हात पुढे करून उभे होते. तिने तो धरला नाही. वर आल्यावर दगडाला हात लावून कपाळाला लावला.

नंतर आम्ही झाडाखालच्या बाकावर बसलो, आणि तिने जे सांगितलं ते मी पन्नास वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

तिची आजी सर्वपित्रीला एक पान जास्त वाढायची. घरातल्या गेलेल्यांची पानं झाली की शेवटी आणखी एक, थोडं बाजूला, दाराच्या दिशेला. आईने लहानपणी विचारलं होतं, हे कोणाचं? आजी म्हणाली होती, "गलबतावर गेला त्याचं." आजीच्या सासऱ्यांचा धाकटा भाऊ. दुष्काळ पडला होता की घरात भांडण झालं होतं, कोणी कधी नीट सांगितलं नाही. मुंबईला गेला, तिथून गलबतावर चढला, परत आला नाही. मेल्याची तिथी कळलेली नाही, म्हणून सर्वपित्रीला. आणि गलबत कुठलं, कुठे गेलं? "आजी म्हणायची, मोरस देशाला. पण तिला तरी काय ठाऊक गो? एडनला गेला असेल, आफ्रिकेला गेला असेल. लांब गेलेला तो मोरसला गेला, असंच म्हणायचे तेव्हा."

आईने मला हे आधी का सांगितलं नाही, हे मी विचारलं नाही. विचारायची वेळ नव्हती ती.

दादांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी त्या मुलीला क्रिओलमध्ये काहीतरी सांगितलं, बराच वेळ. तीही बाकावर येऊन बसली. मोका गावात महात्मा गांधी संस्था आहे, तिथे या सगळ्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. माणसं येतात, पूर्वज शोधतात, काहींना सापडतात. "नाव सांगा," ती इंग्रजीत म्हणाली. "नाव, वडिलांचं नाव, गाव. साधारण साल."

मी आईकडे पाहिलं. गाव माहीत होतं. वडिलांचं नावही आईने आठवून सांगितलं, कारण ते वंशावळीत आहे. साल अंदाजाने, १८७०-८० च्या आसपास. आणि त्याचं नाव?

आईने डोळे मिटले, बोटं मोजल्यासारखी हलवली. मग मान हलवली. आजी नाव घेत नसे. सासरच्या वडीलधाऱ्या पुरुषाचं नाव बायका घेत नसत. "गलबतावर गेला तो." तेवढंच.

दादा म्हणाले, "माझ्याकडे नाव आहे, आजी. गाव नाही." आणि हसले. आई हसली नाही, पण तिने त्यांचा हात हातात घेऊन थोपटला.

मंडईत जायचं आधीच ठरलेलं होतं म्हणून गेलो. पोर्ट लुईची मध्यवर्ती मंडई जुनी आहे, लोखंडी फाटकाची. वर कापडचोपड आणि भेटवस्तू, खाली भाजी. आत शिरल्यावर आईचा चेहरा बदलला. इथे ती सकाळपासून पहिल्यांदा स्वतःच्या घरात आल्यासारखी चालू लागली. अळूच्या पानांच्या जुड्या, ज्याला इथे 'ब्रेद सोंज' म्हणतात. शेवग्याचा पाला, 'ब्रेद मुरूम'. दोडका म्हणजे 'पिपंगाय', कारलं 'मार्गोझ', भेंडी 'लालो', कोथिंबीर 'कोतोमिली', कढीपत्ता 'कारिपुले'. शब्द ऐकले की कळतं, यातले कितीतरी तमिळ बायकांच्या ओच्यातून आलेत. भाजीवालीने आईच्या हातावर कढीपत्त्याची काडी ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. एका दुकानी सुके बोंबील होते, वासानेच आईने ओळखले. नाव विचारलं. "बोम्ली," दुकानदार म्हणाला. एवढा एक शब्द मात्र आमच्याकडून आलाय. आईने तो दोनदा म्हणवून घेतला.

दुपारचं जेवण उभ्यानेच केलं. दोल पुरी. मैद्याच्या पातळ पोळीत शिजवून वाटलेली डाळ भरतात, पुरणपोळीसारखीच लाटतात, गूळ मात्र नाही. त्यात हळदही असते, म्हणून रंग पिवळा. दोन पोळ्यांची जोडी, त्यात मोठ्या पांढऱ्या वालांची आमटी, टोमॅटोची रुगाय, कोथिंबिरीची चटणी, लोणचं, वर मिरची, आणि सगळं गुंडाळून कागदात. पोळी इतकी मऊ की उचलली की लोंबते. लेकीने तीन जोड्या खाल्ल्या. आईने पहिला घास घेऊन बराच वेळ चावला आणि म्हणाली, "गूळ परवडला नसेल." मला ते खरं असेल-नसेल माहीत नाही, पण तेव्हापासून दोल पुरी म्हटली की मला हेच वाक्य आठवणार आहे. वर गार अलूदा प्यायलो. दूध, सब्जा, अगर-अगर. आपला फालुदाच, नाव एक अक्षर घासून.

विमानतळ बेटाच्या दुसऱ्या टोकाला, आग्नेयेला आहे. वाटेत पूस आणि पिटर बोथ हे दोन डोंगर दिसले. पिटर बोथच्या शेंड्यावर एक भला थोरला गोल धोंडा आहे, आता पडेल असं वाटतं. दादांनी गणपतीच्या गोष्टी काढल्या. गणेशचतुर्थीला इथे सगळ्या देशाला सुट्टी असते. मूर्ती घरी येते, संध्याकाळी नदीत किंवा समुद्रात विसर्जन होतं, आणि मराठी वस्त्यांमध्ये 'झाकरी' नाचतात. आई पुढे वाकली. "कशी नाचतात?" गोल करून, पायांत चाळ, मध्ये ढोलकी. जाखडीच ती, आमच्याकडची. गणपतीत रात्र रात्र चालणारी. गाण्यांचे अर्थ आता फारसे कोणाला कळत नाहीत, दादा म्हणाले, पण ठेका चुकत नाही. त्यांनी स्टिअरिंगवर ठेका धरून दाखवला आणि आईने मागच्या सीटवर मांडीवर. दोन किलोमीटरभर गाडीत दुसरा आवाज नव्हता.

माहेबूरला समुद्राकाठी अर्धा तास थांबलो. १८१० साली याच खाडीत फ्रेंचांनी इंग्रजांच्या आरमाराला हरवलं होतं, आणि तरी त्याच वर्षी बेट इंग्रजांच्या हाती गेलं. लेकीला त्यात रस होता, आईला नव्हता. ती काठावर बसून प्रवाळापलीकडची पांढरी रेघ बघत होती.

विमानतळावर दादांनी बॅगा उतरवल्या. ठरल्यापेक्षा जास्त पैसे घ्यायला तयार होईनात. आईने पर्समधून कागदाची पुडी काढली. घरून आणलेले, प्रवासात खायचे म्हणून ठेवलेले तिच्या हातचे तांदळाचे लाडू होते, चार उरलेले. ते त्यांनी घेतले. इथे निरोप घेताना 'सलाम' म्हणतात, हिंदू-मुसलमान-ख्रिस्ती सगळेच. ते "सलाम" म्हणाले, मग थांबून, हात जोडून "येतो" म्हणाले. 'जातो' म्हणायचं नसतं, हे त्यांना कोणत्या शाळेत शिकवलं असेल?

बॅग दीड किलो जास्त भरली. खिडकीवरच्या माणसाने काहीतरी काढा म्हटलं. चहा काढून लेकीच्या पाठपिशवीत घातला, माझं एक जाड स्वेटर अंगावर चढवलं. आई साखर काढू देईना.

विमान रात्री साडेनऊला सुटलं. बेटाचे दिवे पटकन संपले. नंतर खाली काही नव्हतं.

आठवा दिवस

साडेसहा तासांचा प्रवास. मुंबईचं घड्याळ दीड तास पुढे, म्हणजे हातात आलेली रात्र त्यातही तोकडी. लेक माझ्या मांडीवर झोपली. समोरच्या पडद्यावर नकाशा होता, निळ्या पाण्यावर पांढरं विमान, आणि आई तोच बघत होती. चित्रपट लावून देऊ का म्हटलं तर नको म्हणाली. मध्येच तिने विचारलं, "शिडाच्या गलबताला किती दिवस लागायचे?" वाऱ्यावर अवलंबून, मी म्हटलं, काही आठवडे. ती परत नकाशाकडे वळली. विषुववृत्त ओलांडलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. कोणी उठलं नाही, कोणी काही सांगितलं नाही.

पहाटे साडेपाचला मुंबई. खाली उतरताना धुरकट उजेडात घरांचे पत्रे दिसले, निळ्या ताडपत्र्या दिसल्या. दार उघडल्याबरोबर तो ओलसर, कोंदट, ओळखीचा वास आला आणि लेक झोपेतच म्हणाली, "आलो." पारपत्रावर शिक्का, बॅगांचा पट्टा, बाहेर टॅक्सी. रविवार असल्यामुळे जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता मोकळा होता. पूर्व द्रुतगती मार्गावरून तासाभरात ठाणे. शेजारच्या काकूंनी दूध आणून ठेवलं होतं, दाराला पानाफुलांचं तोरण सुकलेलं तसंच होतं.

मी चहा टाकला. आईने अंघोळही केली नाही. बॅग उघडून साखर काढली, चहात घातली, रंग काळपट झाला. चव काकवीची. लेकीने नाक मुरडलं आणि कप संपवला.

मग आईने फोन मागितला आणि मामाला लावला. देवरूखला. मामा ऐंशीचा आहे, कानाला कमी ऐकतो, त्यामुळे आईला ओरडून बोलावं लागतं आणि आम्हाला सगळं ऐकू येतं. मला वाटलं, ती समुद्राचं सांगेल, विमानाचं सांगेल, १०८ फुटी महादेवाचं सांगेल. त्यातलं काही नाही.

"दादा, आजी सर्वपित्रीला जास्तीचं पान वाढायची, आठवतं?"

पलीकडे थोडा वेळ काही नाही. मग मामाचा आवाज, "गलबतवाल्याचं? आठवतं की."

"त्याचं नाव काय?"

"नाव?"

"नाव. काय नाव होतं त्याचं?"

मामा म्हणाला, नाव कोणी घेत नसे. मग म्हणाला, भाऊ-भाऊ म्हणायचे बहुतेक. मग म्हणाला, थांब. माजघरातल्या फडताळात खोताच्या वेळचे कागद आहेत, मोडीतले, खंडाच्या पावत्या, वाटणीपत्र. वाळवी लागलेली आहे. पण वाटणीपत्रात भावांची नावं असतील, हयात असोत नसोत. मोडी वाचणारा कोणीतरी गाठावा लागेल. बघतो दिवाळीनंतर.

"आत्ता बघ," आई म्हणाली.

"आत्ता?"

"कागद आहेत का, एवढं तरी आत्ता बघ. मी थांबते."

मामाने फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, मग त्याच्या काठीचा, सारवलेल्या जमिनीवर, लांब जाणारा. आई फोन कानाला धरून बसली होती. दुसऱ्या हाताने तिने कपातली तळाची साखर बोटाने पुसून घेतली. बऱ्याच वेळाने पलीकडे फडताळाचं दार कुरकुरलं.